पोच घ्या, मग बोला

"दादा, आमच्याकडे त्याच्यासाठी शिक्षकच नाहीत. विशेष शाळेत टाका ना, तिथे त्याचं भलं होईल." शाळा उघडायच्या सुमारास अमळनेर असो, साक्री असो की तळोदा, दिव्यांग मुलाच्या आई-बापाला हे ऐकवलं जातंच. आवाज गोड असतो, बसायला खुर्ची मिळते, कधी चहाही येतो. पालक अर्ज खिशात ठेवून परत फिरतात आणि मूल वर्षभर ओसरीत बसतं.

हे वाक्य कुठलाही मुख्याध्यापक स्वतःच्या सहीने लिहून देत नाही. तोंडी नकाराचा जाब कुणी विचारत नाही, लेखी नकाराचा मात्र द्यावा लागतो. म्हणून प्रवेशाला जाताना अर्ज तोंडी नको, दोन प्रतींत हवा. एक प्रत शाळेची. दुसरीवर सही, तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. "ठेवून जा, नंतर बघतो" म्हणाले तर हुज्जत घालू नका. तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने शाळेच्या पत्त्यावर टाका, पावती जपा, पोहोचल्याची नोंद ऑनलाइन काढून तिचा कागद पावतीला टाचून ठेवा. तिसरी प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बारनिशीत (टपाल घेतात त्या टेबलावर) द्या, तिथे आवक क्रमांक मिळतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आणि त्यावरच्या दोन निळ्या खुणा पोच म्हणून धरू नका. उद्या फोन बदलला की सगळं गेलं.

अर्जात काय लिहायचं? बहुतेक अर्ज दोन कारणांनी वाया जातात. एक तर त्यात विनंतीचा पाझर फार असतो ("गरीब परिस्थिती आहे, कृपा करावी"), किंवा वकिलाकडून आणलेली सहा पानी धमकी असते. दोन्ही नको. मुलाचं नाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत प्रवेश हवा आणि कोणत्या कायद्याने, एवढंच लिहा. साधारण असं (सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी असणं):

"माझा मुलगा, वय ८ वर्षे, यास आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत वयानुरूप प्रवेश मिळावा. त्यास सेरेब्रल पाल्सी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ३ व ४ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व ३१ नुसार हा अर्ज करीत आहे. प्रवेश देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका, खरं काम तेच करतं. बऱ्याच वेळा प्रवेश त्या एका ओळीवरच होतो.

त्या कलमांचा अर्थ पालकांना पाठ हवा, कारण समोरचा हमखास विचारतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वय ६ ते १४. त्याच्या कलम ४ ने शाळेत कधीच न गेलेलं मूलही वयाच्या वर्गात बसतं. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवा हा आग्रह कायद्याला धरून नाही. कलम १३ ने प्रवेशाआधी मुलाची किंवा पालकाची परीक्षा घेता येत नाही, तेव्हा "आधी बघू त्याला किती येतं" हेही चालत नाही. दिव्यांगांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्याचं कलम १६ शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यायला, इमारत आणि शौचालय वापरता येण्याजोगं करायला आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायला बांधून घालतं. कलम ३१ म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. कोणती शाळा, हे ठरवणार मुलाच्या बाजूचे लोक. शाळा नव्हे.

विशेष शाळा वाईट असते असं इथे कुणी म्हणत नाही. पूर्ण अंध मुलाला ब्रेल आणि काठी घेऊन चालणं शिकायचं असेल, किंवा बहिऱ्या मुलाला खाणाखुणांची भाषा रोज कानाडोळा न करता शिकवणारी माणसं हवी असतील, तर चांगली विशेष शाळा गावातल्या दुर्लक्ष करणाऱ्या शाळेपेक्षा शंभरपटीने बरी. पण सहा वर्षांच्या पोरीला ८० किलोमीटरवरच्या वसतिगृहात पाठवायचं, कारण गावातल्या सरांना कटकट नको, हे कारण मान्य करायचं कारण नाही.

आता दाखल्याचं. दिव्यांग प्रमाणपत्र नसलं तरी प्रवेश मिळतो, हे आधी डोक्यात घट्ट बसवा. प्रमाणपत्र लागतं ते भत्त्याला, बोर्डाच्या सवलतींना, एसटीच्या सवलतीला आणि खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करायला. त्या जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित घटकात मोडतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे सायबर कॅफेवाल्याला बहुतेक वेळा माहीत नसतं, तो अडवून बसतो.

प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. अडकतं ते नावात. आधारवर आडनाव आधी, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव आधी, बँकेत तिसरंच स्पेलिंग. जन्मतारखेचाही असाच घोळ. खान्देशातल्या निम्म्या जुन्या माणसांचा वाढदिवस १ जूनला का येतो हे आपल्याला माहीत आहेच, पण पोराच्या बाबतीत आता ते चालत नाही. आधी ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, त्यावरून आधार दुरुस्त, मग शाळेचं रजिस्टर, मग स्वावलंबन. हा क्रम उलटा केला की प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं.

तपासणीला जाताना वार विचारून जा. कान, डोळे, हाडं, मानसिक आरोग्य यांचे तज्ज्ञ रोज बसत नाहीत, वार ठरलेले असतात. धडगावहून सातपुडा उतरून नंदुरबारला यायचं आणि "आज कानाचे डॉक्टर नाहीत" ऐकायचं, यात आख्खा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. लहान मुलाची बेरा तपासणी (कानाला किती ऐकू येतं ते तारा लावून मोजणारी) असेल तर तो झोपलेला लागतो, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागा ठेवतात. आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. शहरात जायचं म्हणून आई पोराला न्हाऊमाखू घालून चापूनचोपून तेल लावते, मग कपाळावर आणि कानामागे लावायच्या तारा धड चिकटत नाहीत, नोंद खराब येते आणि पुन्हा तारीख मिळते. झोपेचं औषध देणार असतील तर उपाशी आणायचं की नाही, ते आधी डॉक्टरांनाच विचारा.

मतिमंदत्वाच्या तपासणीत दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्हींचा परिणाम टक्क्यांवर होतो. पहिली म्हणजे आईची उत्तरं. व्हाइनलँड नावाच्या प्रश्नावलीत मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून वस्तू आणतं का, असं विचारतात. आई मायेपोटी "हो, सगळं करतो" म्हणते. करतो खरा, पण बटणं तीच लावते, वरण-पोळी तीच कालवून देते. तेव्हा प्रत्येक प्रश्नाला मदत किती लागते ते सांगायचं: "हाताने खातो, पण कालवून द्यावं लागतं." "शर्ट अडकवतो, बटण लावता येत नाही." वाढवून सांगू नका, लपवूही नका.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि खान्देशात ती फार मोठी आहे. "मुलगा कुठे आहे ते दाखव," असं पुस्तकी मराठीत विचारलं की चित्रातल्या मुलावर बोट न ठेवणारं पोर घरी "आंडोर कथा शे?" म्हटलं की पटकन दाखवतं. अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला निदान थोडं मराठी कानावर पडलेलं असतं. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या पाड्यावरच्या मुलाला तर प्रश्नच कळत नाही आणि भाषेचं अंतर बुद्धीच्या रकान्यात जाऊन पडतं. तपासणाऱ्यांना आधीच सांगा की घरची भाषा कोणती. प्रश्न आईने घरच्या भाषेत विचारावा, अशी विनंती करा. लाकडी आकार खाचेत बसवायच्या सेग्विन फॉर्म बोर्डसारखी भाषा न लागणारी चाचणी घेता येईल का, तेही विचारा. आणि अहवालात "घरची भाषा अहिराणी" अशी ओळ टाकून घ्या. शिक्षकालाही पुढे ती ओळ उपयोगी पडते.

वाचन-लेखनाच्या अडचणीचं, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणून दुसरीतल्या मुलाच्या शाळेने "आधी सर्टिफिकेट आणा" म्हणणं निरर्थक आहे, ते मिळूच शकत नाही. ४० टक्क्यांखाली टक्के आले तर "मग काहीच नाही" असंही कुणी सांगेल. भत्ते, राखीव जागा, कलम ३१ यांना ४० ची रेघ आहे. वर्गात सोय मिळायला, कलम १६ ला, ती रेघ नाही.

प्रवेश झाला, आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते आणि त्यात दिव्यांगत्वाचा रकाना असतो. शिक्षकाने घाईत तो "नाही" ठेवला की मूल शाळेत असूनही समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या हिशेबात नसतं. मग तालुक्याच्या गट साधन केंद्राचा विशेष शिक्षक येत नाही, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं येत नाहीत, उपकरणाच्या शिबिराचा निरोप येत नाही, भत्ता येत नाही. सप्टेंबरच्या आत मुख्याध्यापकांना म्हणा, "सर, स्क्रीनवर दाखवा ना," आणि प्रकार बरोबर निवडलाय का ते डोळ्यांनी बघा. कर्णबधिर मुलाची नोंद वाचादोष म्हणून आणि सेरेब्रल पाल्सीची मतिमंद म्हणून केलेली हमखास सापडते. चुकीच्या रकान्याला चुकीचं साहित्य येतं.

भत्त्यांचं थोडक्यात. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, ती सगळी हातात येत नाही, त्यातूनच सेवा आणि साहित्य असतं. मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, असा वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं आधारला जोडलेलं हवं आणि चालू हवं. दोन वर्षं काही उलाढाल नसली की बँक खातं निष्क्रिय करते आणि भत्ता परत जातो. अधूनमधून पन्नास रुपये भरून ठेवा.

वर्गात काय मागायचं, इथे पालक फार कच्चे पडतात. "सर, जरा लक्ष द्या" ही मागणीच होत नाही. साठ डोळ्यांकडे बघणाऱ्या माणसाने लक्ष दिलं की नाही हे मोजणार कसं? मोजता येईल, दिसेल आणि फुकटात होईल असं मागा. कमी ऐकू येणाऱ्याला दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे शिकवणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो आणि ओठ दिसतात. पहिल्या बाकावर बसवलं तर मान वर करून करून पोर दमतं आणि मागच्या मुलांची उत्तरं त्याला कळतच नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, ही दुसरी मागणी. कमी दिसणाऱ्याला फळ्यापासून किती फुटांवर अक्षर दिसतं ते घरीच पाटीवर मोजून ठेवा आणि तो आकडा सरांना द्या. बहुतेक सरांना असा आकडा कुणी दिलेलाच नसतो. हात थरथरणाऱ्या मुलाला दहापैकी पाचच गणितं लिहायला द्या, बाकीची तोंडी घ्या. मतिमंद मुलीला दिवसभराच्या तासिकांची चित्रांची पट्टी बाकाला चिकटवू द्या, ती घरी तयार होते. हे चार-पाच मुद्दे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात चढवून घ्या. हा आराखडा विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक मिळून करतात, त्यावर पालकाची सही असते, आणि वर्षातून दोनदा तो उघडून पाहायचा असतो. "वाचन सुधारणे" असं उद्दिष्ट लिहिलं असेल तर सही करू नका. "दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव आणि पाच ओळखीचे शब्द वाचणे" असं हवं.

विशेष शिक्षक एकटा पाच-सहा केंद्रांच्या (म्हणजे शाळांच्या गटांच्या) शाळा फिरतो, महिन्यातून एखाद वेळ दिसतो, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरायला सांगितलंय. आपल्या तालुक्यात किती मुलं, किती पदं, किती भरलेली, हे माहिती अधिकारात विचारायला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हा अर्ज एकट्याने न करता चार-पाच पालकांनी वेगवेगळ्या तालुक्यांत करावा, म्हणजे एकाच शाळेवर रोख राहत नाही.

शिक्षकांचा नकार बहुतेक वेळा दुष्टपणातून येत नाही, भीतीतून येतो. भीती दोनच गोष्टींची: झटका आला तर काय, आणि शी-शू कोण बघणार. ती बोलून मोकळी केली की अर्धा विरोध मावळतो. झटके येणाऱ्या मुलाचं एक पान करून वर्गात लावायला द्या: झटका साधारण कसा दिसतो, किती वेळ चालतो, कोणतं औषध किती वाजता, कुणाचे दोन फोन नंबर. खाली काय करायचं ते: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेला किंवा थांबून लगेच दुसरा आला तर १०८ ला फोन. काय करायचं नाही, तेही ठळक अक्षरात: तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. शेवटच्या ओळीला हसू नका, ती नसेल तर पहिली धाव चपलेकडेच जाते.

शी-शूचं वेळापत्रक घरीच आठवडाभर लिहून काढा. बहुतेक मुलांच्या वेळा ठरलेल्या असतात. "साडेदहा आणि दीड वाजता नेलं की पुरतं" असं सांगितलं तर मदतनीस किंवा मोठा विद्यार्थी तेवढं करू शकतो. शौचालयाला कुलूप लावून आत मोडके बाक भरलेले असतील तर फोटो काढा, पण भांडण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत करा. त्या समितीत कायद्यानेच ७५ टक्के सदस्य पालक असतात, आणि दिव्यांग मुलाचा एक पालक तिथे असला की शाळा विकास आराखड्यात रॅम्पचा मुद्दा दरवर्षी आपोआप येतो.

रॅम्पबद्दल दोन ओळी जास्त लिहिणं भाग आहे, कारण गावोगावी जे बांधून ठेवलंय त्यावरून बकरीसुद्धा जपून उतरते. एक फूट चढाला बारा फूट लांबी, हे माप. शाळेचा ओटा दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. ठेकेदार पाच फुटांत उरकतो, कारण मोजमाप पुस्तिकेत "रॅम्प १ नग" एवढंच असतं. अशा चढावर खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना सुटते. दोन्ही बाजूंना धरायला पाइप, वर पोहोचल्यावर पाच फुटांची सपाट जागा आणि खडबडीत पृष्ठभाग. गुळगुळीत शहाबादी फरशी पावसाळ्यात घसरते. दाराचं माप खुर्ची आत जाईल एवढं, निदान तीन फूट. पैसे नाहीत म्हणाले तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी आठवण करून द्या आणि ग्रामसभेत ठराव मांडा.

घरी येऊन शिकवण्याची सोय, म्हणजे गृहाधारित शिक्षण, २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांसाठी आली. तो मुलाच्या बाजूचा पर्याय आहे. शाळेने "तुम्ही घरीच शिकवा, आम्ही हजेरी लावतो" असं म्हणणं म्हणजे गृहाधारित शिक्षण नव्हे. खरोखर घेत असाल तर कोण येणार, आठवड्यातून किती वेळा, काय शिकवणार, हे लेखी घ्या आणि येणाऱ्याची सही घरच्या वहीत घ्या. त्याच झोळीतले आणखी दोन कागद: "मुलास काही झाल्यास शाळा जबाबदार नाही" असं हमीपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला, ज्यात कारण म्हणून "पालकांच्या विनंतीवरून" लिहिलेलं असतं. दोन्हींवर सही करायची नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर दाखला काढूच नये, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते ते) घेऊन जावं, म्हणजे परत आल्यावर जागा तिथेच असते.

उपकरणांच्या शिबिरात माप घेतात आणि साहित्य काही महिन्यांनी येतं. तोवर पोर वाढलेलं असतं. चाकाची खुर्ची किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) घेताना तिथेच बसवून बघा. पाय लोंबकळत असतील, पट्टा मांडीला रुतत असेल तर "दुरुस्तीसह हवे" असं लिहून मगच सही करा. श्रवणयंत्र शिट्टी मारतं म्हणून कपाटात जातं. यंत्र बिघडलेलं नसतं. कान वाढतो, साचा सैल होतो, आवाज बाहेर गळतो आणि पुन्हा आत शिरतो. लहान मुलाचा कानाचा साचा सहा महिने ते वर्षात बदलावा लागतो, खर्च यंत्राच्या मानाने किरकोळ आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात असतो, घामाने नळीत पाणी साचून आवाज बंद पडतो. रात्री यंत्र काढून सेलचं झाकण उघडं ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डबीत ठेवा. एक जादा सेल वर्गशिक्षकाच्या टेबलात असू द्या.

एवढं करूनही नकार आला तर पायऱ्या चढायच्या: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत लागायला हवा, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांगांच्या कायद्याखालची तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रार एका पानाची, मागे तारखेप्रमाणे लावलेले कागद. "वारंवार विनंती केली" लिहू नका, "१८ जूनला अर्ज, आवक क्रमांक अमुक, उत्तर नाही" असं लिहा. शिक्षकाचं नाव घेऊन शिव्या घालू नका. मूल उद्या त्यांच्याच वर्गात बसायचं आहे. मागणी शेवटी ठळक, एकच.

दहावीच्या सवलतींची तयारी दहावीत सुरू करणं म्हणजे उशीर झाला. खान्देशचे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयाने पहिली ते बारावीपर्यंत सवलती आहेत, म्हणजे त्या सहामाहीलाही मागता येतात, आणि मागाव्यातच. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषांमध्ये सूट, प्रकारानुसार बाकीचं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून गावातला नववीतला मुलगा आधीच हेरून ठेवा. ऐन वेळी त्याला ताप आला तर दुसरा तयार हवा. सवय नसेल तर लेखनिक असून तोटा होतो. सांगणाऱ्याला विरामचिन्हं, नवी ओळ, आकृतीची नावं बोलून दाखवावी लागतात, लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाचं घालायचं नसतं, आणि गणितात "कंसात, वजा, दोन क्ष, कंस पूर्ण" असं बोलायची भाषा दोघांची एक लागते. नववीच्या सुट्टीपासून आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, त्याच जोडीने सोडवून घ्या. नियमित दहावी झेपणार नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच विषय पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये देता येतात. पण हे नववीत नापास होण्याची वाट न बघता आठवीच्या निकालानंतरच शाळेशी बोलून ठरवा, नाहीतर नोंदणीची तारीख निघून जाते.